टीबीचा कोर्स झाला, खोकला आहेच, आणि सीटीत 'लिम्फॉइड' लिहिलंय: आता पुढं काय?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आई चौपन्न वर्षांच्या, निपाणीच्या बाजूला राहतात, आयुष्यभर विड्या वळल्या, दीड-दोन वर्षं कोरडा खोकला आणि आता चढ चढताना धाप लागायलीय. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या, फरक काहीच नाही. मग एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाव्यानं काढलेला सीटी स्कॅन, केला तर रिपोर्टच्या खाली 'लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनिया असू शकतो, लिम्फोमा वगळावा' असं आलंय आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. मामा म्हणतात सरळ मुंबईला टाटाला न्या, फॅमिली डॉक्टर म्हणतात स्टेरॉईड सुरू करून बघू, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न, बायोप्सी करायची का नाही.

मी छातीच्या रोगांचा डॉक्टर, प्रॅक्टिस बेळगावातच. आईंना मी तपासलेलं नाही त्यामुळं हे निदान नव्हे, निदानापर्यंत कसं जातात तेवढं सांगतोय. आणि जीव जरा थाऱ्यावर यावा म्हणून हे आधीच सांगून टाकतो, 'लिम्फोमा वगळावा' म्हणजे 'लिम्फोमा आहे' असं नव्हे हो. रेडिऑलॉजिस्टला ती ओळ लिहावीच लागते कारण ह्या दोन्ही आजारांत फुफ्फुसात लिम्फोसाइट म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशीच जमलेल्या असतात (लिम्फोमा म्हणजे त्यांचाच कॅन्सर), आणि नुसत्या फिल्मवरून त्या साध्या की कॅन्सरच्या हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनिया, आम्ही एलआयपी म्हणतो. न्यूमोनिया असं नाव असलं तरी नेहमीचा जंतूंचा न्यूमोनिया नाही हा, अँटिबायोटिकनं जात नाही आणि घरात कुणाला लागतही नाही. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंतींत लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी भरतात, भिंती जाड होतात, ऑक्सिजन रक्तात जायला अडचण, म्हणून खोकला आणि धाप. दुर्मिळ आहे, बायकांत जास्त, साधारण चाळिशी ते साठीच्या दरम्यान. १९६६ साली कॅरिंग्टन आणि लिबो ह्या दोघांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. पण त्या काळात पॅथॉलॉजिस्टकडं फक्त सूक्ष्मदर्शक आणि रंग, पेशी एकाच वंशाच्या की वेगवेगळ्या हे तपासायची सोयच नव्हती. पुढं ते ओळखणारे स्टेन, म्हणजे खास रंग, आले, १९८३ मध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी माल्ट लिम्फोमा नावाचा सावकाश वाढणारा प्रकार दाखवून दिला, आणि मग जुन्या स्लाइड परत बघितल्यावर कळलं की एलआयपी म्हणून ठेवलेल्या बऱ्याच केसेस मुळातच लिम्फोमा होत्या. हे एवढ्यासाठी सांगतोय की रात्री दोन वाजता मोबाईलवर 'एलआयपीचा कॅन्सर होतो' असलं काही वाचाल तेव्हा त्यातला बराच भाग त्या जुन्या घोळातून आलाय हे लक्षात असू दे. खऱ्या एलआयपीतून पुढं लिम्फोमा होतो, पण थोड्यांनाच.

आता मुद्द्याचं. एलआयपी हा बहुतेक वेळा एकटा येत नाही. २००२ च्या अमेरिकन-युरोपियन वर्गीकरणात तो विनाकारण होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांत धरला होता आणि २०१३ च्या सुधारणेत दुर्मिळ प्रकारांत सरकवला, कारण नीट शोधलं की बहुतेकांत मागं काहीतरी सापडतंच. जोग्रेन (तोंड-डोळे कोरडे पाडणारा आजार, खाली सांगतो), ऱ्ह्युमॅटॉइड म्हणजे संधिवाताचा एक प्रकार, ल्युपस, एचआयव्ही, जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असणं, असलं काहीतरी. म्हणून फुफ्फुसाचा तुकडा काढायच्या आधी बाकीचं शरीर बघायचं असतं, आणि आपल्याकडं नेमकं तेच राहून जातं, सगळे छातीच्या फोटोकडं बघत बसतात.

घरी बसल्या बसल्या आईंना एवढं विचारा. भाकरी पाण्याशिवाय गिळते का? ज्वारीची भाकरी हा ह्या बाबतीत आमच्या भागातला सगळ्यात चांगला टेस्ट आहे, भात-आमटी कशीही जाते पण कोरडी भाकरी घशात अडकते आणि मग घासाघासाला तांब्या लागतो. रात्री पाणी प्यायला उठतात का? डोळ्यांत कचरा गेल्यासारखं, वाळू असल्यासारखं वाटतं का? कांदा चिरताना पाणी यायचं बंद झालंय का? कानाच्या खाली गालफुगीसारखी सूज येऊन गेलीय का? दात कधी पडायला लागले? हा शेवटचा प्रश्न नीट विचारा, कारण आपल्याकडच्या बायका मिश्री लावतात, त्यामुळं दात गेले की सगळे मिश्रीवर ढकलून मोकळे होतात, दातांचा डॉक्टरसुद्धा. पण हिरडीच्या कडेनं एकामागोमाग एक दात किडत गेले असतील तर लाळ कमी आहे का ते बघायला पाहिजे, लाळ नसली की दात टिकत नाहीत. आणि हो, सर्दीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, शुगर वाढली तरी पडतं, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन या, नावं आठवत बसू नका.

ह्यातल्या दोन-चार गोष्टींना 'होय की' आलं तर जोग्रेनचा संशय घ्यायचा. १९३३ मध्ये हेन्रिक जोग्रेन ह्या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरानं ह्यावर प्रबंध लिहिला म्हणून त्याचं नाव. शरीराचीच प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते, लिम्फोसाइट तिथं जाऊन बसतात, आणि काही जणांत तेच फुफ्फुसात. तपासणी अगदी साधी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडं शर्मर टेस्ट होते, टीपकागदासारखी ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, टोकाला दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात, डोळे मिटून ५ मिनिटं बसायचं, मग पट्टी किती ओली झाली ते मोजतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आली तर डोळे खरंच कोरडे. रक्तात एएनए, अँटी-रो म्हणजेच एसएसए, आणि ऱ्ह्युमॅटॉइड फॅक्टर. अँटी-रो निगेटिव्ह आलं तरी संशय दाट असला तर खालच्या ओठाच्या आतल्या बाजूनं बारीक लाळग्रंथी काढून तपासतात, भूल फक्त तेवढ्याच जागेला, टाका एखाद-दुसरा, त्याच दिवशी घरी. २०१६ च्या निकषांत अँटी-रोला ३ गुण, ओठाच्या बायोप्सीला ३, शर्मरला १, आणि एकूण ४ झाले की जोग्रेन म्हणता येतं. म्हणजे बघा, अँटी-रो पॉझिटिव्ह आणि पट्टी कोरडी, एवढ्यावर काम होऊ शकतं, छातीला हातही न लावता.

एचआयव्हीची टेस्ट करायचीच. इथं घरचे बिचकतात, 'आमच्या आईला कशाला ती टेस्ट' म्हणतात. कशाला म्हणजे, ह्या आजाराच्या यादीत ते कारण आहे म्हणून, माणूस कसा आहे हे बघायला नव्हे. लहान मुलांत तर एचआयव्ही आणि एलआयपी यांचं नातं इतकं पक्कं आहे की १३ वर्षांखालच्या मुलात एलआयपी हा एड्सचं लक्षण म्हणून धरला जायचा. आणि कारण ते निघालं तर उपचार सरळ आहे, एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात टेस्ट आणि औषध दोन्ही फुकट, आणि गुप्तता ठेवतात.

इम्युनोग्लोब्युलिनची पातळी, म्हणजे आयजीजी, आयजीए, आयजीएम, आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून काढलेला आलेख, हे दोन टेस्ट बाहेरच्या लॅबवाल्यांना सांगून करून घ्या, रूटीनमध्ये होत नाहीत. एलआयपीत बहुधा ग्लोब्युलिन वाढलेलं असतं आणि आलेखावर त्याचा पसरट उंचवटा दिसतो. त्याऐवजी टोकदार सुळका दिसला तर एकाच वंशाच्या पेशी काम करतायत असा संशय येतो आणि लिम्फोमाकडं लक्ष द्यावं लागतं. उलट ग्लोब्युलिन फारच कमी आलं आणि आईंना लहानपणापासून सारखं सायनस, कान, न्यूमोनिया असलं होत आलं असेल तर प्रतिकारशक्तीच कमी असण्याचा आजार, त्याची वाट वेगळी, स्टेरॉईड देऊन भागत नाही. सी-फोर नावाचा टेस्टही घ्या, जोग्रेन असेल आणि सी-फोर खाली असेल तर लिम्फोमाचा धोका जास्त धरतात.

टीबीबद्दल. गोळ्या दिल्या म्हणून पहिल्या डॉक्टरांना शिव्या घालू नका. आपल्याकडं दीड वर्ष खोकला म्हटलं की टीबी डोक्यात यायलाच पाहिजे. पण थुंकीत जंतू सापडले होते का, सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंची जीनची तपासणी, केलं होतं का, का नुसत्या एक्स-रेवर कोर्स लिहिला, ते फाईल काढून बघा. ताप नाही, वजन फारसं उतरलं नाही, दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात पसरलेलं धूसर, आणि पूर्ण कोर्स घेऊनही चित्र जसंच्या तसं, हे टीबीत बसत नाही. अजून एक गंमत आहे ती सांगतो, एलआयपीच्या तुकड्यात कधीकधी बारीक ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे पुंजके, दिसतात, टीबीतही ग्रॅन्युलोमा असतात, आणि रिपोर्टमध्ये तो एक शब्द दिसला की परत टीबीच्या गोळ्या सुरू. एलआयपीतले ग्रॅन्युलोमा विस्कळित, बारीक आणि मध्ये सडलेला भाग नसलेले असतात. पॅथॉलॉजिस्टला ते माहीत असतं, पण रिपोर्ट वाचणाऱ्यालाही माहीत पाहिजे.

विड्यांचं काय? तंबाखूच्या धुळीनं खोकला, दमा, श्वासनलिकेचा त्रास होतो हे निपाणीत कुणाला सांगायला नको. पण आईंच्या सीटीत आहेत तसले सिस्ट, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या पोकळ्या, धुळीनं तयार होत नाहीत. मी विडीपेक्षा दुसरंच विचारीन: घरात किंवा माळ्यावर पारवे आहेत का, जनावरांचं पिंजर ओलं होऊन बुरशी धरतं का, गुऱ्हाळाच्या चिपाडात काम असतं का, पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते का. खानापूरच्या अंगाला तर पाऊस असा की चार महिने अंथरूण वाळत नाही. ह्या सगळ्यातून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा आजार होतो, त्यातही फुफ्फुसात लिम्फोसाइटच भरतात आणि बारीक तुकड्यावर तो एलआयपीसारखा भासतो. एलआयपीपेक्षा तो कितीतरी जास्त वेळा दिसतो, म्हणून तो आधी वगळायचा. पेशंट आठ-पंधरा दिवस दुसऱ्या गावी लेकीकडं गेली की खोकला कमी होतो आणि घरी आली की परत सुरू, असं असेल तर ते मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त सांगून जातं.

आता सीटी. रिपोर्ट नको, सीडी घेऊन जा, छातीच्या डॉक्टरला स्वतः बघू दे. एलआयपीत काचेवर वाफ धरल्यासारखी धूसर जागा आणि त्यात पातळ भिंतीचे सिस्ट, संख्येनं थोडेच, खालच्या भागात आणि रक्तवाहिन्यांना चिकटून. सिस्ट दिसले की अजून दोन-तीन आजार डोक्यात येतात. लॅम हा बहुधा तरुण बायकांत, सिस्ट पुष्कळ, एकसारखे आणि सगळीकडे पसरलेले. लँगरहॅन्सचा आजार सिगारेट ओढणाऱ्यांत, सिस्ट वेडेवाकडे आणि वरच्या भागात, खालचे कोपरे मोकळे. बर्ट-हॉग-ड्युबे घराण्यात चालतो, फुफ्फुस फुटून छातीत हवा भरल्याची हकिकत नात्यात सापडते. आणि लिम्फोमाकडं बोट दाखवणाऱ्या खुणा म्हणजे सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी, घट्ट पांढरा पडलेला भाग, छातीत पाणी. तुम्ही रिपोर्टमधल्या ज्या ओळी लिहून पाठवल्यात त्यात सिस्ट आणि धूसर जागा आहेत, मोठी गाठ किंवा पाणी असा उल्लेख नाही. हे त्यातल्या त्यात बरं आहे, पण ह्यावर शिक्का मारता येत नाही.

तर बायोप्सी? माझं मत असं. जोग्रेन पक्का निघाला, सीटी नेहमीच्या धाटणीचा आहे, वजन-ताप-गाठी काही नाही, तर आम्ही बरेच जण मोठी बायोप्सी न करता उपचार सुरू करतो आणि तीन-चार महिन्यांनी सीटी आणि फुफ्फुसाची ताकद, म्हणजे डीएलसीओसकट (फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो त्याचं माप) पीएफटी, परत बघतो. कारणच सापडलं नाही, किंवा वर सांगितलेल्यापैकी धोक्याची एखादी खूण आहे, किंवा औषध घेऊनही एखादा डाग वाढतच चाललाय, तर मात्र बायोप्सी टाळू नये. आणि करायची तर पुरेशी मोठी. दुर्बिणीतून चिमट्यानं काढलेले तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे, चिमट्यात लिम्फोसाइट चेंगरतात, आणि मग रिपोर्ट येतो 'लिम्फोसाइट दिसतात, क्लिनिकली बघा', म्हणजे पेशंटचे पैसे गेले आणि आपण होतो तिथंच. दुर्बिणीचा उपयोग आहे, फुफ्फुस धुऊन पाणी तपासता येतं, टीबी आणि बुरशी वगळता येते, लिम्फोसाइट वाढलेत का कळतं. पण लिम्फोमा की नाही हा प्रश्न असेल तर क्रायोबायोप्सी, म्हणजे दुर्बिणीतूनच गोठवून मोठा तुकडा काढणं, किंवा व्हॅट्स, म्हणजे छातीला बारीक छिद्रं पाडून कॅमेऱ्यानं तुकडा घेणं. फुफ्फुसाची ताकद फारच उतरलेली असेल तर हे ऑपरेशन झेपेल का ते आधी बघतात.

ऑपरेशनच्या दिवशीची एक गोष्ट नातेवाइकांनी विचारून ठेवावी, आमच्यातलीच मंडळी घाईत विसरतात. तुकडा निघाला की सगळाच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकायचा नसतो. फॉर्मालिनमध्ये गेला की त्यातून टीबीचं कल्चर होत नाही, जंतू मरतात. म्हणून एक भाग साध्या सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीकडं, जमलं तर एक भाग ताजाच फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींची जात यंत्रावर ओळखायला, आणि मोठा भाग फॉर्मालिनमध्ये. तीन बाटल्या, तीन चिठ्ठ्या. फॉर्मवर 'एलआयपी की माल्ट लिम्फोमा' असं स्पष्ट लिहायला सांगा, 'लंग बायोप्सी' एवढंच लिहून पाठवलं तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय शोधणार.

पॅथॉलॉजिस्ट शोधतो ते हे, की जमलेली गर्दी कुणाची आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत जशी गावोगावची, जातीपातीची, ओळखी-अनोळखी माणसं एकत्र दिसतात तशी मिसळ एलआयपीत असते, आणि लिम्फोमात सगळी एकाच भावकीची, एकाच मूळ पुरुषाची पोरं. हे बघायला सीडी२० आणि सीडी३ हे स्टेन लावतात, बी पेशी गोल पुंजक्यांत आणि टी पेशी भिंतींत अशी वाटणी एलआयपीत दिसते. मग कॅपा आणि लॅम्डा ह्या बी पेशींच्या दोन खुणा, दोन्ही मिसळून असतील तर गर्दी मिश्र, एकच असेल तर एकाच वंशाची. पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात घुसून ते फोडतायत का, प्लुराच्या, म्हणजे फुफ्फुसावरच्या आवरणाच्या, थरात शिरल्यात का, तेही बघतात, हे लिम्फोमाकडं जातं. एवढ्यानं ठरलं नाही तर ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवून ठेवलेल्या त्याच तुकड्यातून, आयजीएच जीनची पीसीआर करतात, पेशी एकाच वंशाच्या आहेत का ते बघायला. ह्या टेस्ट सगळीकडं होत नाहीत, ब्लॉक पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला पाठवावा लागतो, आठ-पंधरा दिवस सहज जातात. तेवढ्यात कुणी 'अजून रिपोर्ट नाही म्हणजे नक्की कॅन्सरच' असं म्हणालं तर दुर्लक्ष करा.

एक उपप्रकार सांगून ठेवतो, कारण रिपोर्टमध्ये हा शब्दही येऊ शकतो: नोड्युलर लिम्फॉइड हायपरप्लेसिया. ह्यात पसरलेला आजार नसतो, एखादी गाठ असते, बहुतेकदा दुसऱ्याच कारणानं काढलेल्या फोटोत सापडते आणि पेशंटला काही त्रासही नसतो. १९६३ मध्ये साल्ट्झस्टाइन यांनी अशा गाठींना स्यूडोलिम्फोमा म्हटलं होतं. गाठ पूर्ण काढली की निदानही होतं आणि बहुधा उपचारही.

शेवटी स्टेरॉईड. फॅमिली डॉक्टरांचा हेतू चांगला आहे, एलआयपीवर औषध स्टेरॉईडच आहे, पुढं लागलं तर प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब. पण वरच्या तपासण्या आणि बायोप्सीचा निर्णय व्हायच्या आधी सुरू करू नका. स्टेरॉईडनं लिम्फोसाइट विरतात, लिम्फोमाचेही विरतात, महिनाभर पेशंटला बरं वाटतं आणि मग तुकडा काढला तर त्यात धड काहीच दिसत नाही. धाप फार असेल, ऑक्सिजन उतरत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं थांबायचं नसतं, ॲडमिटच करा. गावातल्या दवाखान्यात धाप लागली म्हणून 'ताकदीचं इंजेक्शन' दिलेलं असतं, ते बऱ्याचदा स्टेरॉईडच असतं, तेव्हा गेल्या दोन महिन्यांत अशी कुठली इंजेक्शनं झालीत ते आठवून तारखेसकट डॉक्टरला सांगा. आणि स्टेरॉईड सुरू करायच्या आधी शुगर, हिपॅटायटिस बी आणि टीबी परत एकदा बघून घेणं, एवढं केल्याशिवाय चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाऊ नका.

मुंबईला जायचं की नाही ते ब्लॉकचा रिपोर्ट आल्यावर ठरवा. वरच्या रक्ताच्या टेस्ट, शर्मर, ओठाची बायोप्सी, पीएफटी हे सगळं बेळगावात, नाहीतर तुम्हाला जवळ पडत असेल तर कोल्हापुरात किंवा मिरजेत होतं. त्यासाठी आईंना रेल्वेत रात्रभर बसवायची गरज नाही. दुसरं मत घ्यायचं झालं तर माणूस इथं राहू दे आणि ब्लॉक जाऊ दे. पाठवताना नुसता छापील कागद पाठवू नका, मूळ ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी तिन्ही द्या, पोच घ्या, आणि काम झालं की ब्लॉक परत मागून आणा, पुढं कधी लागला तर तोच लागतो.